पन्नास वर्षं, एकच प्रश्न

थर्ड इयरचं दुसरं सेमिस्टर लागलं की आमच्या केमिकल ब्रँचला एक ठरावीक ताप चढतो. त्याचं नाव कोडिंग! ज्यांनी फर्स्ट इयरला सी लँग्वेज रडतखडत पास केली, तेसुद्धा रात्री दोनला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले दिसतात. कारण सरळ आहे. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांत आयटीवाल्या जास्त आणि त्यांना तुमच्या ब्रँचशी काही देणंघेणं नसतं. जे तिकडे जातात त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. कुणाच्या घरी बँकेचा हप्ता असतो, कुणाच्या बापाने सोयाबीन विकून फी भरलेली असते. नोकरी लागलीच पाहिजे. पण त्याबरोबर जे वाक्य सगळीकडे ऐकू येतं ना, "केमिकलला काही स्कोप नाही", त्या वाक्याशी मला भांडायचंय. नुसती चिडून भांडले तर कुणी ऐकणार नाही, म्हणून एका माणसाची कारकीर्द आणि थोडं गणित सोबत घेतलंय.

आधी माझ्याविषयी दोन ओळी. मी लातूरची, शाळा कॉन्व्हेंट. लातूरमध्ये केमिस्ट्री हा विषय नसतो, तो मार्कांचा कोटा असतो. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत कॅटॅलिस्ट या एका टॉपिकवर मी निदान दीडशे तरी एमसीक्यू सोडवले असतील. उत्तरं ठरलेली: तो अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी कमी करतो, इक्विलिब्रियम हलवत नाही आणि रिअ‍ॅक्शन संपल्यावर जसाच्या तसा उरतो. टिक करा, पुढे चला! कॅटॅलिस्टला मराठीत "उत्प्रेरक" म्हणतात हे मला हॉस्टेलला आल्यावर कळलं. माझी रूममेट उदगीरकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. ती म्हणाली, "अगं, प्रेरणा देणारा तो प्रेरक. स्वतः लग्न न करता दुसऱ्यांची लग्नं जुळवणारा मध्यस्थ असतो बघ, तसा." इतकी सोपी व्याख्या मला सात वर्षांच्या इंग्लिश सायन्समध्ये कुणी सांगितली नव्हती.

फक्त मध्यस्थाच्या या गोष्टीत एक भानगड आहे. तो जसाच्या तसा उरतो, हे पुस्तकापुरतंच खरं. खऱ्या प्लांटमध्ये कॅटॅलिस्ट मरतो. त्याच्यावर कोळशाची पुटं चढतात, गंधक किंवा शिसं त्याला विषासारखं बाधतं, उष्णतेने त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग कमी होतो. त्याला जिवंत कसं ठेवायचं, मेला तर परत कसं उठवायचं, यावर माणसं आयुष्य घालवतात. डॉ. गणपती दादासाहेब यादव हे त्यातलेच एक.

यादव सरांचा जन्म १४ सप्टेंबर १९५२ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाडा या गावातला. तिथून मुंबईला माटुंग्याच्या यूडीसीटीत. १९७४ ला केमिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९८० ला पीएचडी. गाईड होते प्रा. मनमोहन शर्मा, ज्यांना १९९० मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली.  यूडीसीटी म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली संस्था. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज तिला आपण आयसीटी म्हणतो. तिथे यादव सर २००९ ते २०१९ कुलगुरू होते. २०१६ ला पद्मश्री, २०२२ ला अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचं आंतरराष्ट्रीय सभासदत्व. शंभराच्या वर विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली पीएचडी केली. हा झाला बायोडेटा. असे बायोडेटा आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी छापले जातात आणि ते कुणी वाचत नाही, म्हणून मी तो एका परिच्छेदात उरकला.

मला त्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. हा माणूस पन्नास वर्षं एकच प्रश्न विचारतोय. रिअ‍ॅक्शन तर होते, पण घाण न करता होईल का?

केमिकल कारखान्यात अ‍ॅसिड कॅटॅलिस्ट म्हणजे वर्षानुवर्षं सल्फ्युरिक अ‍ॅसिड, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. काम फत्ते करतात, पण काम झाल्यावर त्यांना मालापासून वेगळं कसं करायचं? अल्कली टाकून न्यूट्रल करायचं, म्हणजे पुन्हा क्षारांचं पाणी, आणि ते पाणी जातं जवळच्या ओढ्यात. वापी, पाताळगंगा, तळोजा ही नावं आपण भूगोलात वाचतो ती औद्योगिक वसाहत म्हणून. तिथल्या पाण्याचा विषय वेगळ्या पेपरात येतो. यादव सरांनी यावर धरलेला रस्ता म्हणजे घन अ‍ॅसिड. अ‍ॅसिडच एखाद्या घन पदार्थाच्या अंगावर असं बसवायचं की रिअ‍ॅक्शन झाली की चहा गाळावा तसा तो गाळून घ्यायचा आणि पुन्हा वापरायचा. झिरकोनियावर सल्फेट बसवला की इतकं तीव्र अ‍ॅसिड तयार होतं की त्याला सुपरअ‍ॅसिड म्हणत आले. १९९९ मध्ये यादव आणि नायर यांचा सल्फेटेड झिरकोनियावर एक मोठा आढावा लेख आला, तो जगभर वापरला गेला. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या कॅटॅलिस्टच्या मालिकेला त्यांनी नाव दिलं यूडीसॅट. आपल्या संस्थेचं नाव कॅटॅलिस्टला! त्यातल्या यूडीसॅट-५ मध्ये ९ टक्क्यांपर्यंत गंधक बसवलं, आणि तेही झिरकोनियाची टेट्रागोनल रचना न मोडता. एमसीक्यूत हे कुठे बसेल सांगा बरं?

आता कार्बन डायऑक्साइडकडे वळते, कारण अलीकडच्या वर्षांत सरांचं बरंचसं काम आणि बोलणं त्याच्यावरच आहे. वरवर पाहता घन अ‍ॅसिड कुठे आणि हवेतला वायू कुठे. पण प्रश्न तोच आहे. चिमणीतून निघणारा हा वायूसुद्धा शेवटी रिअ‍ॅक्शनचीच घाण, फक्त ती ओढ्यात न जाता आभाळात जाते. गंमत म्हणजे याच वाटेने आधी एक मोठा माणूस गेलेला. जॉर्ज ओला. सुपरअ‍ॅसिडमध्ये कार्बोकॅटायन पकडून दाखवले म्हणून त्यांना १९९४ ला नोबेल मिळालं, आणि पुढची सगळी वर्षं ते सांगत राहिले की कार्बन डायऑक्साइडपासून मेथेनॉल करा. आइसलंडमध्ये त्यांच्या नावाचा एक प्लांट २०१२ पासून उभा आहे. भूगर्भातल्या वाफेबरोबर येणाऱ्या वायूपासून वर्षाला सुमारे ४००० टन मेथेनॉल करण्याची त्याची क्षमता.

यादव सरांचं म्हणणं थोडक्यात असं: कार्बन डायऑक्साइड हा कचरा न समजता कच्चा माल समजा, आणि त्याची किल्ली हायड्रोजनमध्ये आहे. इथे मला पेपरातल्या बातम्यांचा राग येतो. "प्रदूषणातून सोनं!" असलं काहीतरी हेडिंग देतात आणि आपण फॉरवर्ड करतो. सोनं वगैरे काही नाही. कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून शांत झालेला कार्बन. चुलीतली राख पुन्हा पेटवायला जाल तर काय होईल? तिच्यात ऊर्जा उरलेलीच नसते. तिला परत इंधन करायचं तर बाहेरून ऊर्जा घालावी लागते, आणि उत्प्रेरक कितीही हुशार असला तरी ती ऊर्जा त्याच्या खिशातून येत नाही. बारावीतलं "इक्विलिब्रियम हलवत नाही" हे वाक्य इथे पहिल्यांदा माझ्या डोक्यात खऱ्या अर्थाने शिरलं.

असं नाही की या वायूचा उपयोग आज होतच नाही. शेतात टाकतो तो युरिया अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून होतो. डोकं दुखल्यावर घेतो ती अ‍ॅस्पिरिन ज्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडपासून होते, तेही फिनॉलच्या क्षारावर हाच वायू दाबाखाली सोडून करतात. पद्धत एकोणिसाव्या शतकातली. पण युरिया मातीत पडला की थोड्याच दिवसांत तो वायू सुटून परत हवेत जातो. जगभर युरियाला लागणारा वायू वर्षाला काही कोटी टनांत मोजतात आणि जळणातून सुटणारा हजारो कोटी किलोंत नव्हे, हजारो कोटी टनांच्या घरात, म्हणजे साधारण ३७०० कोटी टन. त्यामुळे "वापरून संपवू" या भ्रमात कुणी राहू नये. मग यादव सरांसारख्यांच्या कामाचा उपयोग काय? उपयोग असा की मेथेनॉल, प्लास्टिक, औषधं, रंग यांना कार्बन लागतोच. तो जमिनीतून नवा काढण्याऐवजी एकदा वापरलेलाच पुन्हा फिरवता आला, तर नवा काढावा लागणार नाही. माझ्या मते हे पुरेसं मोठं काम आहे, त्याला सोन्याची उपमा कशाला हवी?

आता आपल्या भागाकडे येऊ. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, आणि मळी म्हटली की डिस्टिलरी आली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं, त्यात अशा डिस्टिलरींचाही हात आहे. पण फर्मेंटेशनच्या टाकीत यीस्ट ग्लुकोज खाते तेव्हा इथेनॉलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. वजनाने पाहिलं तर ९२ ग्रॅम इथेनॉलमागे ८८ ग्रॅम वायू, म्हणजे जवळजवळ तेवढाच! आणि हा वायू परळीच्या थर्मलच्या धुरासारखा पातळ नसतो. कोळशाच्या धुरात हा वायू शंभरात बारा-पंधरा भाग, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा काढण्यातच निम्मा जीव जातो. फर्मेंटरच्या डोक्यावरून निघणारा मात्र ओलसर पण जवळजवळ शुद्ध, आणि त्यातला कार्बन उसाने नुकताच हवेतून घेतलेला. काही डिस्टिलरी तो बाटलीत भरून कोल्ड्रिंकवाल्यांना किंवा ड्राय आइसला देतात. बाकी ठिकाणी सरळ आभाळात.

समजा रोज ६० हजार लिटर इथेनॉल करणारी एक डिस्टिलरी आहे. तिच्यातून दिवसाला साधारण ४५ टन वायू निघेल. त्याचं मेथेनॉल केलं तर सगळा वायू वापरला गेला असं धरून ३३ टन होईल. १२० दिवस चाललं तर जवळपास ४००० टन. म्हणजे आइसलंडच्या त्या जगप्रसिद्ध प्लांटची वर्षाची क्षमता जेवढी, तेवढं! हा आकडा आला तेव्हा मी रूममेटला उठवून दाखवला. तिने विचारलं, "आणि हायड्रोजन कुठून आणतीस?"

बरोबर विचारलं. ३३ टनांना रोज सव्वासहा टनांच्या आसपास हायड्रोजन लागतो. पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस करून तो काढायचा तर एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज, म्हणजे दिवसाला तीन लाखांच्या वर युनिट. चोवीस तास १३-१४ मेगावॅट. एवढ्या विजेचे टर्बाइन को-जनरेशनवाल्या कारखान्यांत असतातही, पण ती वीज आधीच विकलेली असते आणि गाळप थांबलं की तीही आटते. नुसत्या सोलरवर हे चालवायचं तर साठ-सत्तर मेगावॅटची पॅनल्स लागतील. बरं, १ टन मेथेनॉलला जी साडेनऊ-दहा हजार युनिट वीज घातली, त्यातली फक्त साडेपाच हजारांच्या आसपास ऊर्जा मेथेनॉलमध्ये उरते. नैसर्गिक वायूपासून केलेलं मेथेनॉल याहून बरंच स्वस्त पडतं. थोडक्यात, आज कुठल्याही कारखान्याचा चेअरमन यात पैसे घालणार नाही, आणि त्याने नाही घातले तर मी त्याला दोष देणार नाही.

"पण पाणी?" असं कुणी तरी विचारणारच. लातूरकर आहोत, पाण्याचं नाव काढलं की आम्हाला एप्रिल २०१६ आठवतो. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मी तेव्हा लहान होते, पण घरातली पिंपं आणि महापालिकेच्या टँकरपुढची रांग कोण विसरेल! परळीचं थर्मलसुद्धा २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडलं होतं. म्हणून मी हेही मोजलं. सव्वासहा टन हायड्रोजनला रिअ‍ॅक्शनपुरतं पाणी लागतं दिवसाला ५६ हजार लिटर, त्यातलं १८ हजाराच्या वर मेथेनॉल होताना परत मिळतं. कूलिंगचं आणि शुद्धीकरणात वाया जाणारं वेगळं धरा. म्हणजे त्या पहिल्या गाडीच्या पाण्यात नऊ दिवस! मला वाटलं होतं पाण्यातच घोडं अडेल. पण ज्या उसापासून ही मळी येते, त्या उसाने प्यालेल्या पाण्यापुढे हा आकडा चिल्लर आहे. घोडं अडतं ते विजेपाशी.

आणि म्हणूनच मला यादव सरांच्या कामातला एक भाग सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, जो पेपरात फारसा येत नाही. हायड्रोजन विजेने न काढता उष्णतेने काढता येईल का? पाणी नुसतं तापवून फोडायचं तर दोन-अडीच हजार अंशांच्या वर जावं लागतं, तिथे भांडंच टिकणार नाही. पण तांबं आणि क्लोरीन यांची संयुगं मध्ये घालून तेच काम टप्प्याटप्प्याने केलं तर साधारण ५५० अंशांत भागतं, आणि तांबं-क्लोरीन फिरून परत पहिल्या जागी येतात. आयसीटी आणि ओएनजीसी एनर्जी सेंटर यांनी मिळून हे चक्र प्रयोगशाळेच्या पातळीवर चालवून दाखवलं. एका टप्प्यात थोडी वीज लागते, पण बाकीचं काम उष्णतेचं. त्या तापमानाला क्लोराइडसमोर कुठला धातू टिकतो, हा प्रश्न मात्र मेटलर्जीचा आणि मेकॅनिकलचा. म्हणजे बघा, केमिकलला स्कोप नाही म्हणणाऱ्यांनाच इथे काम आहे.

दुसराही एक रस्ता आहे, हायड्रोजनच्या वाटेला न जाण्याचा. आयसीटीतच प्रा. बी. एम. भानगे यांचं काम त्या बाजूचं. त्यांनी जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठाच्या प्रा. मासाहिको अराई यांच्याबरोबर २००१ च्या सुमारास मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या साध्या, स्वस्त ऑक्साइडवर काम केलं. इपॉक्साइड, मेथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून डायमिथाइल कार्बोनेट करायचं. २०१४ मध्ये या दोघांनी मिळून या विषयावर एक ग्रंथही संपादित केला. इथे वायूचा अख्खा रेणू तसाच्या तसा आत जातो, त्याला फोडून त्यातला ऑक्सिजन काढायची गरज नाही. म्हणून ऊर्जाही कमी. शिवाय डायमिथाइल कार्बोनेट हे पुष्कळ ठिकाणी फॉस्जीनच्या जागी वापरता येतं. फॉस्जीन म्हणजे तोच वायू, ज्याच्यापासून भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट तयार करत होते. १९८४ विषयी वेगळं सांगायला नको. माल थोडा खपतो, पण दर चांगला. लातूर-नांदेडसारख्या ठिकाणी सुरुवात करायची असेल तर मला मेथेनॉलपेक्षा ही वाट जास्त शहाणपणाची वाटते. यादव सरांच्या हायड्रोजनवाल्या स्वप्नाबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते हं!

काही जण म्हणतील, हे सगळं मुंबईचं. आपल्याकडे काय आहे? नांदेड-मनमाड लाइनवर जालना लागतं ना, तिथे आयसीटीचं मराठवाडा केंद्र २०१८ मध्ये सुरू झालं, यादव सर कुलगुरू असतानाच. आपण संभाजीनगरला मॉलमध्ये जाताना त्याच स्टेशनवरून पुढे जातो. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ तर आपल्या शेजारी, विष्णुपुरीतच. तिथल्या केमिस्ट्रीवाल्यांना आपली इन्स्ट्रुमेंट्स आणि आपल्याला त्यांची केमिकल्स लागतात, पण दोघांच्या मध्ये जणू गोदावरी वाहते!

आम्हाला प्रोजेक्ट निवडताना मागच्या बॅचच्या बाइंड केलेल्या प्रती बघायला मिळतात. साबण, निंबोळी तेल, आणि पुन्हा साबण. त्यातल्या निम्म्या प्रती तर पुण्याहून विकत आणलेल्या, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. माझी सरांना विनंती आहे की फायनल इयरला निदान दोन ग्रुपना जवळच्या डिस्टिलरीवर पाठवा. फर्मेंटरच्या वरून किती वायू निघतो, त्यात किती ओलावा आणि किती अल्कोहोलची वाफ आहे, गाळप हंगामात आणि हंगामानंतर किती फरक पडतो, एवढं जरी एक वर्ष नीट मोजलं, तरी माझ्या वरच्या कागदी हिशोबाला काही अर्थ येईल. कॅटॅलिस्ट बनवायला मफल फर्नेस लागते, ती आपल्या लॅबमध्ये आहे. मॅग्नेशियम ऑक्साइड काही महाग नाही. प्रेशर रिअ‍ॅक्टर नाही, तो मात्र कुठून तरी मागून आणावा लागेल.

घरी पप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न पॅकेजचा विचारला. त्यांचं बरोबरच आहे. मी म्हटलं, "पप्पा, गेट देते, आणि कॅम्पसलाही बसते, पण बायोडेटावर केमिकलच लिहीन." ते म्हणाले, "लिही, पण इंग्लिशमध्ये नीट लिही." आजोबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "त्या धुराचं गिऱ्हाईक कोण?" पूर्ण लेखात मी जे सांगायला दोन हजार शब्द घेतले, ते त्यांनी चार शब्दांत विचारलं.

तर आमच्या ग्रुपमध्ये सध्या आम्ही तिघी आहोत. एकीचे मामा कारखान्यात केमिस्ट आहेत, त्यांच्यामार्फत आत जाण्याच्या परवानगीचा अर्ज दिलाय. चौथा पार्टनर हवाय. मेकॅनिकलचा चालेल, कारण कॉम्प्रेसरचं आम्हा कुणालाच कळत नाही. ज्याची तयारी असेल त्याने गर्ल्स हॉस्टेलच्या वॉचमनकाकांकडे चिठ्ठी ठेवावी. साबणवाल्यांनी कृपया येऊ नये.